दाढ काढायची आहे. हाड वाचवायला ग्राफ्ट घ्यावा का?

दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून एका मुलीनं वडिलांबद्दल विचारलं आहे. वय ५४, शेती, बरीच वर्षं शुगर, मागच्या महिन्यातलं एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ९.१, आणि दिवसाला पाच-सहा खर्रे (सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण). खालची डावीकडची पहिली मोठी दाढ सहा वर्षांपूर्वी रूट कॅनल करून घेतली होती, पण कॅप बसवायची राहून गेली. आता ती सुपारी फोडताना उभी चिरली. यवतमाळच्या डॉक्टरांनी दाढ काढावी लागेल असं सांगितलं. त्याच वेळी खड्ड्यात ग्राफ्ट (नवं हाड बनायला आधार देणारा भराव) भरून वर पडदा (तो झाकणारं पातळ आवरण) लावा, नाहीतर हाड झिजेल आणि पुढे इम्प्लांट (खोट्या दातासाठी हाडात बसवायचा स्क्रू) बसणार नाही, असंही ते म्हणाले. घरच्यांचं मत, दाढ उपटायला एवढा पैसा काहाले घालायचा? इम्प्लांटचे पैसे कापूस विकल्याशिवाय हातात येणार नाहीत. शिवाय आईची खालची कवळी सारखी निसटते, त्याचा हाडाशी काही संबंध आहे का, हेही तिनं विचारलं आहे.

आधी नेमकं उत्तर देतो. बाबांच्या दाढेला ग्राफ्ट लागेल की नाही, हे दाढ निघाल्यावर खड्ड्याची बाहेरची भिंत तपासूनच ठरेल. आजची शुगर आणि आजचा खर्रा असाच चालू असेल तर ग्राफ्ट टाकू नये, तो बहुधा टिकणार नाही. पण ग्राफ्ट नको म्हणून दाढ कुठेही, कशीही उपटून घ्यायची, हे मात्र करू नका. माझ्या अनुभवात खेड्यातल्या माणसाचं जबड्याचं हाड सर्वात जास्त जातं ते दाढ काढतानाच्या झटापटीत आणि त्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात. तिथं ते वाचवायला फारसा पैसा लागत नाही.

हाड झिजतं म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. २०२१ मध्ये आपल्या भागात काळ्या बुरशीनं कितीतरी लोकांचे वरचे जबडे काढावे लागले. तेव्हापासून 'हाड जातं' असं म्हटलं की पेशंट घाबरतो. हे तसं नाही. हा रोग नाही. जबड्यात दाताच्या मुळाभोवती जे हाड असतं ते दातासाठीच तयार झालेलं असतं. दात येताना ते घडतं, आणि मुळापासून निघणारे बारीक तंतू त्याच्या आतल्या थरात रुतलेले असतात. दात गेला की त्या थराला काम उरत नाही आणि शरीर तो शोषून घेतं. ओठ-गालाकडची भिंत मुळात पातळ असते. वरच्या पुढच्या दातांना तर ती बहुतेकांमध्ये एक मिलिमीटरपेक्षाही कमी भरते. म्हणजे ती भिंत जवळजवळ सगळी त्या थराचीच असते, आणि म्हणून झिजायला लागली की बाहेरून आत सरकते.

किती झिजतं? २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका डॅनिश अभ्यासात दाढा आणि उपदाढा काढलेल्या ४६ लोकांना वर्षभर तपासलं. हाडाची रुंदी सरासरी १२ मिलिमीटरवरून सुमारे ६ वर आली, आणि त्या झिजेतला दोन तृतीयांश भाग पहिल्या तीन महिन्यांतच झाला. उंची त्या मानानं कमी जाते, साधारण एक-दीड मिलिमीटर. 'आता दाढ काढू, पुढचं दोन-चार वर्षांनी पाहू' हा विचार महाग पडतो तो यामुळे. इम्प्लांटचा स्क्रू चार-साडेचार मिलिमीटर जाडीचा धरला, तर त्याच्या दोन्ही बाजूंना निदान एकेक-दीडेक मिलिमीटर हाड लागतं. म्हणजे सहा-सात मिलिमीटर रुंदी हवी. तेवढी नसली तर आधी हाड वाढवायची वेगळी शस्त्रक्रिया करावी लागते, आणि ती आजच्या ग्राफ्टपेक्षा कितीतरी खर्चिक आणि त्रासाची असते.

ग्राफ्ट या झिजेचा काही भाग अडवतो, सगळा नाही. वेगवेगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तर ग्राफ्ट घातलेल्या खड्ड्यात रुंदीचं नुकसान सरासरी दीड ते दोन मिलिमीटरनं कमी झालेलं दिसतं. दोन मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. पण पाच मिलिमीटर आणि सात मिलिमीटर यांच्यातला फरक म्हणजे आणखी एक ऑपरेशन करायचं की टाळायचं, हा फरक आहे. तुम्हाला कोणी 'ग्राफ्ट टाकला की हाड जसंच्या तसं राहतं' असं सांगत असेल तर ते खरं नाही. 'ग्राफ्ट म्हणजे नुसता पैसे काढायचा धंदा' असं कोणी म्हणत असेल तर तेही खरं नाही.

आता बाबांच्या दाढेकडे येऊ. खालच्या पहिल्या मोठ्या दाढेच्या जागी हाड मुळातच रुंद असतं आणि भिंती पुढच्या दातांपेक्षा जाड असतात. चारही भिंती शाबूत राहून दाढ निघाली, तर तीन-चार मिलिमीटर झिजूनही इम्प्लांटपुरतं हाड बऱ्याचदा उरतं. अशा खड्ड्यात मी सहसा ग्राफ्ट टाकत नाही. तो नीट साफ करतो, रक्तानं भरू देतो, वर टाका घालतो आणि अडीच-तीन महिन्यांनी इम्प्लांटचं बघतो.

पण बाबांच्या दाढेला एक अडचण आहे: ती उभी चिरलेली आहे. मूळ उभं तडकलं की त्या फटीतून जंतू खाली उतरतात, आणि बाहेरच्या भिंतीचं हाड नेमकं त्या फटीच्या रेषेत खाल्लं जातं. तपासणीत एकाच ठिकाणी हिरडीत खोली मोजायची पट्टी खोल शिरते आणि बाजूला अजिबात शिरत नाही, ही त्याची खूण. तुमच्या डॉक्टरांनी ग्राफ्ट सुचवलाय तो बहुधा हेच पाहून. साध्या एक्स-रेमध्ये बाहेरची भिंत दिसत नाही, ती दाताच्या सावलीत झाकली जाते. सीबीसीटी, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनमध्ये दिसते, पण रूट कॅनलमध्ये भरलेल्या मसाल्यामुळे त्या जागी चित्र विस्कटतं. म्हणून मी सांगतो, निर्णय दाढ निघाल्यावर खुर्चीवरच घ्यावा. खड्डा साफ झाल्यावर डॉक्टर बोथट अवजारानं बाहेरची भिंत वरपासून खालपर्यंत चाचपतात. ती निम्म्याहून जास्त गेली असेल, आणि त्या जागी इम्प्लांट बसवायचा हे नक्की असेल, तर ग्राफ्ट आणि पडदा दोन्ही लागतील. भिंत शाबूत असेल तर नाही. डॉक्टरांना आधीच एवढं विचारून ठेवा: "दाढ काढल्यावर भिंत पाहून ठरवाल ना?" चांगला डॉक्टर या प्रश्नावर रागावणार नाही.

आणि त्या जागी इम्प्लांट बसवायचाच नसेल तर? बाजूच्या दातांवर ब्रिज (त्यांच्या आधारानं बसणारा खोटा दात) घ्यायचा असेल किंवा जागा मोकळीच ठेवायची असेल, तर मागच्या दाढेच्या ठिकाणी ग्राफ्टवर पैसे घालायची गरज मला दिसत नाही. पुढे काय बसवायचं हे न ठरवता भरलेला ग्राफ्ट मी बऱ्याच तोंडांत पाहतो. वर काहीच बसवलेलं नसतं, आणि वर्षं गेली की तेही हाड हळूहळू कमी होतं. पुढच्या दाताचा हिशेब वेगळा आहे. तिथे ब्रिज करायचा असला तरी हाड आत बसलं की हिरडीत खळगा पडतो, खोट्या दाताच्या वर काळी फट दिसते आणि हसताना ती लपत नाही. मोटरसायकलवरून पडून समोरचा दात गेलेली पोरं येतात, तेव्हा भिंत पातळ असते आणि वयही तरुण असतं. अशा ठिकाणी ग्राफ्टसाठी मी स्वतः आग्रह धरतो. मुलगा किंवा मुलगी अजून वाढत्या वयात असेल तर इम्प्लांट वाढ थांबेपर्यंत बसवता येत नाही. म्हणून मुळापासून निखळलेला दात मुळाला हात न लावता दुधात टाकून तासाभराच्या आत डॉक्टरकडे आणा. तो परत बसवला आणि काही वर्षंच टिकला, तरी तेवढी वर्षं हाड राखतो.

दाढ काढायची पद्धत हा या उत्तरातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. जुन्या पद्धतीत चिमट्यात दाढ धरून बाहेरच्या बाजूला जोरानं हलवतात, म्हणजे पातळ भिंत ताणली जाऊन दाढ सुटते. दाढ निघते, पण पुष्कळदा भिंतीचा तुकडा घेऊनच निघते. पेशंट खूश असतो, 'एका झटक्यात काढली' म्हणून गावभर सांगतो. हाड राखायचं असेल तर उलट करावं लागतं. मूळ आणि हाड यांच्यामध्ये पातळ पात्याचं अवजार घालून तंतू आधी कापायचे. खालच्या दाढेला दोन मुळं असतात. मधून कापून दाढेचे दोन भाग करायचे आणि एकेक मूळ त्याच्या वळणानं बाहेर काढायचं. हिरडी शक्यतो उघडायची नाही, कारण बाहेरच्या भिंतीला रक्त मिळतं ते तिच्यावरच्या आवरणातून. दाढ निघाल्यावर खड्ड्याच्या दोन्ही भिंती बोटांनी करकचून दाबायची सवय आमच्या पिढीला कॉलेजात लागली होती. इम्प्लांटचा विचार असेल तर ते टाळायचं. मग आतली सडकी पेशी खरवडून सलाईननं धुवायचं आणि आठच्या आकड्यासारखा एक टाका. याला अर्धा-पाऊण तास लागतो. झटक्याच्या कामापेक्षा डॉक्टर थोडे जास्त पैसे घेतील, आणि माझ्या मते ते पैसे ग्राफ्टच्या आधी खर्च करावेत.

त्यामुळे बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला बसून दात उपटणाऱ्याकडे बाबांना नेऊ नका. अवजारं उकळलेली नसतात, शुगर कोणी विचारत नाही, मूळ आत तुटलं तर तिथेच राहतं. हीच माणसं नंतर बाजूच्या दातांना तारेनं आणि प्लास्टिकच्या मसाल्यानं 'फिक्स दात' चिकटवून देतात. त्याखाली घाण साठते आणि बाजूचे चांगले दात हाडासकट हलायला लागतात. एका दाढेसाठी आलेल्या माणसाचे तीन-तीन दात मला अशा वेळी काढावे लागले आहेत.

शुगरबद्दल. ९.१ ला ग्राफ्ट नको, इम्प्लांट तर नाहीच. पण चिरलेली, पू धरणारी दाढ शुगर उतरायची वाट बघत महिनोन्महिने तोंडात ठेवणंही बरोबर नाही. तो पू स्वतःच शुगर चढवतो. बाबांच्या शुगरच्या डॉक्टरांशी बोला, औषध नीट बसवून घ्या आणि दाढ वेळेत काढा. काढायच्या दिवशी सकाळी नेहमीसारखं जेवून, नेहमीची गोळी घेऊन या. आपल्याकडे 'ऑपरेशन आहे' म्हणून उपाशी यायची पद्धत आहे. शुगरच्या माणसानं गोळी घेऊन उपाशी येणं धोक्याचं आहे, खुर्चीवरच साखर खाली जाऊन चक्कर येते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनानं बंद करू नका, फक्त सांगा.

आणखी काही गोष्टी डॉक्टरांनी विचारल्या नाहीत तरी तुम्ही स्वतः सांगा. हाडं ठिसूळ झाली म्हणून किंवा कॅन्सरमध्ये हाडांसाठी इंजेक्शन घेतलं आहे का? वर्षातून एकदा शिरेतून दिलं जाणारं असतं, सहा महिन्यांनी कातडीखाली दिलं जाणारंही असतं. अशा औषधांनंतर दाढेचा खड्डा भरतच नाही आणि हाड उघडं पडतं, असं काही जणांमध्ये होतं. तोंडाला किंवा मानेला शेक, म्हणजे रेडिएशन घेतलं असेल तर दाढ काढायचा निर्णय त्या कॅन्सर रुग्णालयाला विचारूनच. घरात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर तेही सांगा. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियापासून आपल्या यवतमाळपर्यंत विदर्भात सिकलसेल बराच आहे, आणि पेशंट ते 'दातांशी त्याचा काय संबंध' म्हणून बोलत नाहीत. संबंध आहे. सिकलसेलच्या माणसात जबड्यातला रक्तपुरवठा अडून हाडात संसर्ग धरू शकतो. दाढ काढता येते, पण दुखण्याचा झटका चालू असताना नाही. भरपूर पाणी पाजून, संसर्ग आवरून आणि फिजिशियनच्या सल्ल्यानं काढावी लागते.

खर्ऱ्याबद्दल मी दरवेळी बोलतो आणि पेशंट दरवेळी मान खाली घालतो. मी त्यांना रागवत नाही. बाबांनाही रागवू नका, पण हे समजावून सांगा. दाढ काढल्यावर खड्डा रक्तानं भरतो आणि ती गाठ म्हणजेच पुढचं हाड बनण्याची सुरुवात असते. आठवडाभरात त्या गाठीत नव्या रक्तवाहिन्या शिरतात, महिन्या-दोन महिन्यांत कच्चं हाड दिसायला लागतं, पक्कं व्हायला आणखी महिने जातात. तंबाखूतलं निकोटीन नेमक्या त्या बारीक वाहिन्या आवळतं. सुपारीचा चुरा खड्ड्यात जाऊन बसतो. चुना ताज्या जखमेला भाजतो. आणि पिंक थुंकताना तोंडात जो ओढ बसतो त्यानं गाठच निघून येते. मग तिसऱ्या दिवशी खड्डा कोरडा पडतो, उघडं हाड दिसतं, कानापर्यंत ठणका लागतो आणि तोंडाला घाण वास येतो. साध्या जखमेचं दुखणं दुसऱ्या दिवसापासून उतरतं. हे चढत जातं, हा ओळखायचा फरक. पेशंट रात्री फोन करतो, "डॉक्टरसाहेब, दाढ काढली तरी ठणकूनच राहिली." अशा वेळी घरी गोळ्या बदलत बसू नका. धुऊन औषधाची पट्टी ठेवली की एक-दोन दिवसांत आराम पडतो.

म्हणून दाढ काढायच्या किमान काही दिवस आधी आणि नंतर निदान दोन आठवडे खर्रा पूर्ण बंद. ग्राफ्ट टाकला असेल तर महिना-दोन महिने. कायमचा सुटला तर त्याहून चांगलं काही नाही. खर्रा खाणाऱ्याचं तोंड उघडून पाहायलाही सांगा. स्वतःची तीन बोटं उभी घालून तोंडात जातात का? दोनच जात असतील तर गालात सुपारीनं पट्टे धरले आहेत. तोंड एवढंच उघडत असेल तर मागच्या दाढेला इम्प्लांटचं ड्रिल पोचतच नाही, मग हाड वाचवून उपयोग काय? आणि दोन आठवड्यांत न भरलेला फोड, पांढरा-लाल चट्टा किंवा कारण नसताना हलायला लागलेली एकटी दाढ असेल, तर दाढ काढायच्या आधी त्या जागेचा तुकडा तपासायला पाठवायला हवा. कॅन्सरच्या गाठीतली हलती दाढ 'हलते म्हणून' उपटून घेतलेली आणि सहा-सहा आठवडे खड्डा भरत नाही म्हणून फिरणारी माणसं या भागात नवी नाहीत. तालुक्याच्या डॉक्टरांना शंका आली तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा वर्ध्याजवळ सावंगी मेघेचं दंत महाविद्यालय, या दोन्ही ठिकाणी तज्ज्ञ आहेत. एसटीचा एक दिवस जाईल, पण जावं.

समजा, एचबीए१सी सातच्या घरात आलं, खर्रा बंद झाला आणि भिंत गेलेली निघाली. मग ग्राफ्ट कोणता? बाजारात मिळणाऱ्या ग्राफ्टचे ढोबळमानानं तीन प्रकार आहेत. मानवी हाडावर प्रक्रिया करून केलेला, जनावराच्या, बहुतेक वेळा गायवर्गीय जनावराच्या हाडापासून केलेला, आणि कारखान्यात कॅल्शियम-फॉस्फेटपासून बनवलेला. यातला कुठलाच ग्राफ्ट पेरल्यासारखा उगवून हाड होत नाही. वालाच्या वेलीला जसा मांडव लागतो तसा तो तुमच्या रक्तवाहिन्यांना आणि पेशींना चढायला आधार देतो, हाड तुमचं शरीरच बनवतं. जनावराच्या हाडाचा ग्राफ्ट फार सावकाश विरघळतो, त्यामुळे आकार चांगला धरतो, पण त्याचे कण वर्षानुवर्षं आत दिसतात. कारखान्यातला सहसा त्याहून लवकर विरघळतो, आणि दाढेच्या जागी तो पुरेसा काम देतो.

इथे एक गोष्ट मी आग्रहानं सांगतो. ग्राफ्ट आणि पडदा कशापासून बनलाय हे विचारा. पडदाही अनेकदा गाय किंवा डुकराच्या कोलेजनचा असतो, माशाच्या कोलेजनचाही मिळतो. ज्या घरात याबद्दल श्रद्धा आहे तिथे पेशंटला न सांगता तो वापरणं मला मान्य नाही. पर्याय उपलब्ध आहेत, फक्त आधी बोलायला हवं.

पीआरएफबद्दलही लोक विचारतात. हाताच्या शिरेतून थोडं रक्त घेऊन यंत्रात फिरवतात, त्यातून पांढरट जेलीसारखी गाठ मिळते आणि ती खड्ड्यात ठेवतात. खर्च कमी, रक्त आपलंच, हिरडी लवकर मिटते आणि दुखणंही कमी होतं. हाडाची रुंदी राखण्याचा तिचा पुरावा मात्र ग्राफ्टइतका भक्कम नाही. भिंत शाबूत असलेल्या खड्ड्यात मला ती आवडते. भिंत गेलेल्या खड्ड्यात एकट्या पीआरएफवर मी अवलंबून राहत नाही.

पू वाहत असेल, गाल सुजलेला असेल, तर त्या दिवशी ग्राफ्ट टाकत नाहीत. अशा वेळी एक मधला मार्ग आहे आणि खेड्यातल्या पेशंटसाठी तो मला सर्वात सोयीचा वाटतो. आज फक्त दाढ काढायची, काळजीनं. सहा-आठ आठवड्यांत वरची हिरडी मिटते, संसर्ग संपतो, शुगरही आवरायला वेळ मिळतो. मग इम्प्लांट आणि लागेल तेवढा ग्राफ्ट एकाच वेळी. एक ऑपरेशन वाचतं. अट एवढीच की आठ आठवडे म्हणजे आठ आठवडे. 'दिवाळी झाल्यावर पाहू' करत वर्ष गेलं तर हाड तर झिजतंच, शिवाय वरची दाढ खाली उतरते, बाजूच्या दाढा खड्ड्याकडे झुकतात आणि जागाच उरत नाही.

तुमच्या पैशांचं गणित यात बसतं. ग्राफ्ट टाकलेला खड्डा इम्प्लांटला तयार व्हायला चार ते सहा महिने लागतात. पावसाळ्याच्या मध्यावर दाढ काढून ग्राफ्ट केला, तर इम्प्लांटची वेळ येते ती डिसेंबर-जानेवारीत, कापूस घरात आल्यावरच. पैसे येईपर्यंत थांबायचं असेल तर ते असं थांबा. ग्राफ्टशिवाय दाढ काढून दोन हंगाम थांबू नका.

आता आईची कवळी. संबंध सरळ आहे. सगळे दात गेल्यावर हाड झिजणं थांबत नाही, आयुष्यभर चालूच राहतं. १९७२ साली छापून आलेल्या, कवळी वापरणाऱ्यांवरच्या २५ वर्षांच्या अभ्यासात खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट निघाली. म्हणून वरची कवळी चिकटून बसते आणि खालची तरंगते. दरवेळी नवी कवळी करायची गरज नसते. आहे त्याच कवळीला आतून अस्तर लावून घेता येतं. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायला सांगा, चोवीस तास दाब राहिला तर हिरडी सुजते. दोन इम्प्लांटवर बटणासारखी बसणारी खालची कवळी हा चांगला उपाय आहे, पैसे जमले तर.

घरात आजी-आजोबा कोणी 'सगळे दात एकदाच काढून टाका' म्हणत असतील तर त्यांना थोडं थांबवा. खालचे दोन सुळे जरी बऱ्यापैकी घट्ट असतील, तर त्यांचं रूट कॅनल करून ते हिरडीबरोबर कापायचे आणि मुळं तशीच ठेवून वर कवळी करायची. मूळ आहे तोवर भोवतीचं हाड राहतं. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांच्या अभ्यासात अशी सुळ्यांची मुळं ठेवलेल्यांचं खालच्या जबड्याचं पुढचं हाड सरासरी ०.६ मिलिमीटर झिजलं, आणि सगळे दात काढून कवळी घातलेल्यांचं ५.२ मिलिमीटर. हाड राखायचा इतका स्वस्त आणि खात्रीचा दुसरा उपाय मला माहीत नाही, आणि तो आपल्या भागात फारसा कोणी मागत नाही याचं वाईट वाटतं. तसंच, यवतमाळ-चंद्रपूरकडे बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडनं पिवळे-तपकिरी झालेले दात 'सडले' समजून काढायला येतात. ते बहुतेक वेळा नुसते डाग असतात, दात सडलेला नसतो. काढू नका.

दाढ काढून घरी आल्यावर बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरायचा, नंतर काढून टाकायचा. पहिले चोवीस तास थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, लाळ गिळायची. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी तोंडात धरून नुसतं सोडून द्यायचं, खळखळ करायची नाही. तुरटी, हळद, लवंगेचं तेल, मशेरी, काहीही खड्ड्यात भरायचं नाही. मऊ वरण-भात, खिचडी, थंड आंबील चालेल. ठेचा, चिवडा आणि कडक भाकरीचे काठ आठवडाभर नकोत. शेतात वाकून करायची कामं, फवारणीचा पंप पाठीवर घेणं दोन-तीन दिवस टाळा, रक्त परत सुटतं. ग्राफ्ट असेल तर सुरुवातीला वाळूसारखे चार-दोन कण तोंडात येतात, त्यानं घाबरू नका. पण पांढरा पडदा उघडा दिसतो म्हणून बोटानं ओढू नका. पडदा कोणता आहे त्यावर तो आपोआप विरघळेल किंवा डॉक्टर काही आठवड्यांनी काढतील. ताप आला, सूज तिसऱ्या दिवसानंतर वाढत गेली, गिळायला किंवा तोंड उघडायला त्रास व्हायला लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. शुगरच्या माणसात मानेकडे उतरणारी सूज वाट पाहत नाही.

ग्राफ्ट घेतलाच तर पाकिटावरचं स्टिकर आणि त्या दिवशीचा एक्स-रे मागून घ्या आणि बाबांच्या शुगरच्या फाइलीत लावून ठेवा. चार-सहा महिन्यांनी इम्प्लांट दुसऱ्या डॉक्टरकडे किंवा दुसऱ्या गावी करायची वेळ आली, तर आत कोणता ग्राफ्ट आहे, कधी टाकला आणि तेव्हा हाड केवढं होतं, हे त्यांना त्यावरून कळतं.